किती जण आले आणि कोण आलं

"मी आयटीत आहे" असं कुणाला सांगितलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, आमचा प्रिंटर चालत नाहीये, जरा बघतोस का? आणि दोन, आमची एक वेबसाइट करून देतोस का? पहिल्या प्रश्नातून मी दर वेळी काहीतरी थाप मारून निसटतो. (चार वर्षं इंजिनियरिंग आणि सहा वर्षं नोकरी झाली, प्रिंटर हा प्राणी मला अजून वश झालेला नाही.) दुसऱ्यातूनही एरवी निसटलो असतो, पण या वेळी विचारणारी मावशी होती.

मावशी एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली. आता आठवड्यातून तीन दिवस एका समुपदेशन केंद्रात जाते. केंद्र म्हणजे तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक मोबाइल. घरात मारहाण होते, छळ होतो अशा बायका इथे येतात, नाहीतर फोन करतात. गावाचं आणि संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, आणि बारीकसारीक तपशीलही थोडे बदललेत. का ते पुढे कळेलच.

साइट अगदी साधी केली. मराठीत चौदा पानं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा काय सांगतो, संरक्षण अधिकारी म्हणजे कोण, १८१ आणि ११२ या नंबरांवर फोन केला की काय होतं, घर सोडायची वेळ आली तर कुठली कागदपत्रं बरोबर असावीत, असं सगळं. मजकूर मावशीने आणि केंद्रातल्या ताईंनी हाताने लिहून दिला, मी टाइप केला. प्रत्येक पानावर वर एक लाल बटण आहे, "लगेच बाहेर पडा". ते दाबलं की हवामानाचं पान उघडतं, आणि मागे जायचं बटण दाबलं तर आपलं ते पान परत येत नाही. हे बटण अशा विषयांच्या साइट्सवर जगभर असतं. मला ते करताना जाम भारी वाटलं होतं, कारण पाच ओळींचा कोड आणि केवढा उपयोग.

साइट सुरू झाली. दोन महिन्यांनी ट्रस्टी सरांचा फोन. एका कंपनीने संस्थेला पहिल्या वर्षाचे पैसे दिले होते, दुसऱ्या वर्षाचा हप्ता अहवाल बघून मिळणार होता. अहवालात एक तक्ता: साइट किती लोकांनी पाहिली, कुठल्या जिल्ह्यातून, सरासरी किती वेळ. या हप्त्यातून केंद्रातल्या एकमेव पूर्ण वेळ समुपदेशक ताईंचा पगार होतो. सर म्हणाले, "तुमच्याकडे काहीतरी सॉफ्टवेअर असतं ना त्याचं? ते बसवून टाक."

असतं की! मी तर अशी संधीच शोधत होतो.

आता थोडं विषयांतर, कारण ही भानगड काय असते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साइटवर कोण येतं हे मोजायचे मुळात दोन मार्ग आहेत. पहिला जुना. तुम्ही कुठलंही पान उघडलंत की सर्व्हर आपल्या वहीत एक ओळ लिहितो: कुठल्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कुठलं पान मागितलं, ब्राउझर कुठला. या वहीला लॉग म्हणतात. ती वही वाचून बेरजा करणारे प्रोग्रॅम १९९५ च्या सुमारापासून आहेत. त्या वर्षी ॲनालॉग आला, मग वेबलायझर, मग २००० मध्ये पर्लमध्ये लिहिलेला एडब्ल्यूस्टॅट्स. ज्यांनी कधी स्वस्तातलं होस्टिंग घेऊन सीपॅनेल उघडलंय त्यांनी एडब्ल्यूस्टॅट्सचे ते रंगीत खांब नक्की पाहिले असतील.

दुसरा मार्ग म्हणजे पानातच जावास्क्रिप्टचा एक तुकडा ठेवायचा. तो वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो आणि कुठल्यातरी सर्व्हरला कळवतो की अमुक माणूस अमुक पानावर आलाय. हा मार्ग २००५ नंतर घरोघरी पोहोचला. त्या वर्षी गूगलने अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि नोव्हेंबरमध्ये गूगल ॲनालिटिक्स फुकट देऊ केलं. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या जाहिरातींच्या लिंकमागे यूटीएम, यूटीएम असं शेपूट दिसतं ना, त्यातला 'यू' म्हणजे अर्चिनच. कंपनी गेली, शेपूट राहिलं.

गूगलचं काम चोख असतं, पण माहिती त्यांच्याकडे जाते आणि आतलं काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. म्हणून ओपन सोर्सवाल्यांनी आपापली टूल्स केली. २००७ मध्ये पिविक सुरू झालं, २०१८ मध्ये त्याचं नाव माटोमो झालं. मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर लागू झाला आणि अशा टूल्सना मागणी वाढली. मग प्लॉझिबल आलं, उमामी आलं. टर्मिनलमध्ये लॉग वाचणारं गोॲक्सेस त्याच्या आधीपासून होतंच. विषयांतर संपलं.

तर मी काय केलं? इंजिनियर जे करतो ते केलं. एक्सेल उघडलं. डावीकडे टूल्सची नावं, वर सोयींची नावं: लाइव्ह भेटी दिसतात का, शहर दिसतं का, फोनचं मॉडेल दिसतं का, माणूस एका पानावरून दुसऱ्या पानावर कसा गेला ते दिसतं का, जुना पाहुणा परत आला तर कळतं का. जिथे सोय आहे तिथे हिरवा चौकोन. दोन तासांत तक्ता तयार, आणि माटोमोची ओळ जवळजवळ सगळी हिरवी. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, आमच्या सर्व्हरवर दोन्ही होतं. शनिवारी रात्री बसवून टाकलं. रविवारी सकाळी दात घासता घासता मी फोनवर बघत होतो, तीन पाहुणे येऊन गेलेले. अक्षरशः हवेत होतो.

पाच आठवडे डेटा साठला. मग एका रविवारी लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेलो. पोहे झाले, चहा झाला, मी स्क्रीन उघडली. आलेख दाखवले, मावशीने "छान छान" केलं. ज्या सुरात ती आमच्या लहानपणी हस्तकलेच्या वहीला म्हणायची त्याच सुरात. म्हटलं हिला खरी गंमत दाखवू. भेटींची यादी उघडली. त्यात एका भेटीची एक ओळ असते.

"हे बघ मावशी, ही एक. हा तालुका. अँड्रॉइड फोन, हे मॉडेल. मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटं. आधी कायद्याचं पान. मग 'घर सोडताना'. तिथे सहा मिनिटं. मग लाल बटण दाबलं. वीस मिनिटांनी परत आली, परत तेच पान."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणजे कौतुक कधी येतंय ते. मावशीने चष्मा लावला, पुढे वाकली आणि ती ओळ दोनदा वाचली.

"बंद कर ते."

"का गं? काय झालं?"

"आधी बंद कर, मग सांगते."

मी लॅपटॉप मिटला. मावशी उठली, कपबशा आत ठेवून आली आणि म्हणाली, "ही कोण आहे ते मला माहितीये."

मी वाद घातला. आम्हाला सवयच असते. म्हटलं, मावशी, आयपी पत्त्यावरून काढलेलं गाव नेहमी बरोबर नसतं. मोबाइल डेटा असेल तर माणूस कुठेही असो, बऱ्याचदा मुंबई नाहीतर पुणंच दाखवतं. घरात ब्रॉडबँड असेल तरच जरा जवळचं येतं. त्यात मॉडेलचं काय, एका मॉडेलचे हजारो फोन असतात.

"असतील. त्या तालुक्यात रात्री दोनला हे पान सहा मिनिटं वाचणाऱ्या बायका किती असतील?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"आणि समज मी चुकले," ती म्हणाली. "समज ही ती नाहीच. पण जे मला सुचलं ते तिच्या दिराला सुचलं तर? तो चुकला तर दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात तमाशा होईल. बरोबर असला तर काय होईल ते तुला सांगायला नको. याचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

मी मोजायला लागलो. माझ्याकडे. ट्रस्टी सरांकडे. सरांचे अहवाल टाइप करणाऱ्या मुलाकडे. केंद्रातल्या कॉम्प्युटरवर तर ब्राउझरमध्येच सेव्ह केलेला, म्हणजे त्या खुर्चीत बसणाऱ्या कुणाहीकडे. आणि पुढच्या आठवड्यात कंपनीच्या लोकांना बघण्यापुरतं एक लॉगिन द्यायचं मीच सुचवलं होतं. प्रगती लाइव्ह दिसेल म्हणून!

मावशी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आम्ही रजिस्टर कुलुपात ठेवतो रे. किल्ली दोघींकडेच असते. तू त्याच्यापेक्षा मोठं रजिस्टर केलंस आणि ते उघडं ठेवलंस."

स्वारगेटची एसटी पकडली. एरवी मी खंबाटकी घाट यायच्या आत झोपलेला असतो. त्या दिवशी झोप आली नाही. पाच ओळींत लाल बटण लिहून मी खूश झालो होतो. ते बटण बाईच्या फोनवरून पान हलवतं. आणि तिने ते दाबलं, किती वाजता दाबलं, दाबून परत आली, हे सगळं मी दुसऱ्या हाताने लिहून ठेवत होतो. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. टूलमध्ये सोय होती म्हणून.

इथे माटोमोवर काही ढकलायचं नाहीये. त्यात आयपी पत्त्याचे शेवटचे आकडे झाकायची सोय आहे, कुकी न वापरता चालवायची सोय आहे, ठरावीक दिवसांनी कच्चा डेटा पुसायची सोय आहे, भेटींची ती यादी बंद करायचीही सोय आहे. सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी' नावाचं अख्खं दालन आहे, मी त्यात शिरलो नाही. चूक शंभर टक्के माझी. माझ्या तक्त्यात जास्त दिसणं म्हणजे हिरवा चौकोन, हे मीच ठरवलं होतं.

घरी येऊन नवीन तक्ता केला. या वेळी वर एकच प्रश्न लिहिला: पासवर्ड नको त्या माणसाच्या हातात पडला तर त्याला काय दिसेल?

माटोमो: सगळी बटणं नीट फिरवली तर फारसं काही नाही. पण मी आज आहे, उद्या कंपनीने बाहेर पाठवलं तर हे दुसरा कुणीतरी सांभाळेल. त्याला कुणीतरी "जिल्हावार आकडे काढून दे" म्हणेल, तो उत्साहाने बंद केलेलं बटण चालू करेल. मीही उत्साहीच होतो की.

प्लॉझिबल: याची कल्पना मला फार आवडली. ते कुकी ठेवतच नाही. वाचणाऱ्याचा आयपी पत्ता, ब्राउझरची माहिती, साइटचं नाव आणि रोज बदलणारा एक गुप्त आकडा, हे सगळं एकत्र दळून त्याचा एक कोड बनवतं आणि मोजणी त्या कोडवर करतं. गुप्त आकडा चोवीस तासांनी पुसला जातो, त्यामुळे आजचा पाहुणा आणि उद्याचा पाहुणा एकच होता का ते त्यांनाही सांगता येत नाही. माणसागणिक ओळ नाही, फक्त बेरजा. पण दोन अडचणी. एक किरकोळ: त्याला पोस्टग्रेसबरोबर क्लिकहाउस नावाचा डेटाबेस लागतो आणि आमचा सर्व्हर एक जीबी मेमरीचा, म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन. (गंमत म्हणजे क्लिकहाउसचा जन्मही अशाच मोजणीसाठी झाला, रशियातल्या यांडेक्सच्या मेट्रिका या सेवेकरता.) दुसरी अडचण मोठी, तिच्याकडे येतोच.

उमामी: नोडवर चालतं, बसवायला सोपं, दिसायला देखणं, लायसन्स एमआयटीचं. यातही कुकी नाही. पण यात सेशन्सचं एक पान आहे, आणि ते उघडलं की पुन्हा एकेका भेटीची ओळ.

गोॲक्सेस: जुन्या मार्गाचं टूल. सी भाषेत लिहिलेलं, डेटाबेस नको, पानात जावास्क्रिप्ट नको. सर्व्हरची वही वाचतं आणि एक एचटीएमएल फाइल बनवून देतं. माझ्या पहिल्या तक्त्यात याची ओळ जवळजवळ सगळी पांढरी होती.

आता ती मोठी अडचण. 'आम्ही फक्त बेरजा दाखवतो' हे वाक्य मोठ्या साइटला लागू पडतं. रोज लाखभर लोक येत असतील तर बेरजेच्या गर्दीत माणूस हरवून जातो. आमच्या साइटवर दिवसाला तीस-चाळीस जण येतात. यातून तालुका निवडा, मग पान निवडा, मग वेळ निवडा. दोन-तीन गाळण्या लावल्या की बेरीज उरते १. ती बेरीज म्हणजेच ती बाई. नाव नसलं म्हणून काय झालं? मावशीला नाव कुठे लागलं होतं?

म्हणजे प्रश्न टूल नाव साठवतं का एवढाच नव्हता. गाळण्या एकावर एक लावता येतात का, हाही होता. आणि इथे ते पांढऱ्या ओळीचं गोॲक्सेस एकदम उपयोगी ठरलं. त्याच्या अहवालात पानांचा तक्ता वेगळा, तासांचा वेगळा, दिवसांचा वेगळा. बनवून ठेवलेल्या फाइलमध्ये 'या पानावर या तासाला कोण' असं विचारताच येत नाही. हीच त्याची मर्यादा म्हणून मी त्याला आधी नापास केलं होतं.

तरी या वेळी आधी मावशीला फोन केला. जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, "तुला नक्की काय कळायला हवंय?"

तिने तीन गोष्टी सांगितल्या. कुठलं पान जास्त वाचतात, म्हणजे तेवढं पत्रक छापून आशाताईंकडे द्यायला बरं. दिवसाच्या कुठल्या वेळी वाचतात, कारण केंद्राचा फोन अकरा ते पाचच चालू असतो. आणि साइट बघून खरंच कुणी फोन करतं का.

बस्स. तालुका नको, मॉडेल नको, सहा मिनिटं नकोत.

मग बसून व्यवस्था केली. वही लिहितानाच एन्जिनएक्स आयपी पत्त्याचा शेवटचा भाग शून्य करतो, म्हणजे पूर्ण पत्ता आमच्या डिस्कवर कधी उतरतच नाही. (गोॲक्सेसमध्येही पत्ता झाकायचा पर्याय आहे, पण तो अहवालापुरता, वहीत पत्ता तसाच राहतो.) पत्त्यांचा, गावांचा आणि ब्राउझरचा तक्ता अहवालातून काढून टाकला. वही सात दिवसांनी आपोआप पुसली जाते. वर वीस ओळींची पायथॉनची स्क्रिप्ट, जी आठवड्यात दहापेक्षा कमी असलेला कुठलाही आकडा 'दहापेक्षा कमी' असा लिहिते. अहवालाला लॉगिन नाही, कारण तो इंटरनेटवर नाहीच. दर सोमवारी मावशीला एक पान मेलने जातं, ती ते छापून भिंतीवर लावते. कुणीही बघावं.

याचे तोटे आहेत. आकडे ढोबळ आहेत. गोॲक्सेस एकाच दिवशी, एकाच पत्त्यावरून, एकाच ब्राउझरने आलेल्यांना एक माणूस धरतं. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात, त्यात मी पत्ता छाटलेला, म्हणजे माणसं कमी मोजली जातात. उलट सर्च इंजिनांचे रोबोट वहीत माणसांसारखेच दिसतात. ओळखीचे वगळता येतात, चोरून येणारे राहतात. आणि तिसरा प्रश्न तर सुटतच नाही, कारण फोनच्या नंबरावर बोट ठेवलं की फोन लागतो, सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. त्यावर एका ओळीची स्क्रिप्ट टाकता आली असती, हात शिवशिवलेही. मावशी म्हणाली, "त्यात काय, आम्ही फोनवर विचारू ना, नंबर कुठून मिळाला म्हणून." कुलपातल्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढला. माझ्या कारकिर्दीतलं हे सर्वात स्वस्त इंटिग्रेशन.

राहिला जुना डेटा. पाच आठवड्यांचा. तो पुसायला मला दोन दिवस लागले, आणि त्यात तांत्रिक काहीही नव्हतं. डेटा पुसणं आमच्या रक्तात नाही हो. 'पुढेमागे उपयोगी पडेल' या वाक्यावर अख्खा धंदा उभा आहे. ट्रस्टी सरही म्हणाले, "अरे राहू दे की, जागा किती खातोय?" शेवटी डेटाबेस उडवला, सर्व्हरवरचे बॅकअप उडवले. मग आठवलं की एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर आहे, घरच्या, ज्याचा पासवर्ड माझ्या रूममेटला पाठ आहे. तीही उडवली. कायद्याचं म्हणाल तर व्यक्तिगत डेटाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण खरं सांगतो, पुसताना डोक्यात कायदा नव्हता, दोन वाजून दहा मिनिटं होती.

कंपनीला आम्ही पत्र लिहिलं, की जिल्हावार आकडे आणि सरासरी वेळ आम्ही ठेवत नाही, ही त्याची कारणं. सिनेमात असतं तर तिकडचा साहेब गहिवरला असता. प्रत्यक्षात रकाना रिकामा का, यावर दोन-तीन मेल झाल्या, कुणीतरी रजेवर गेलं आणि हप्ता सात आठवडे उशिरा आला. मधल्या काळातला ताईंचा एक पगार मावशीने आणि आणखी दोघींनी मिळून दिला. मला हे नंतर कळलं, तेही आईकडून. त्यामुळे 'योग्य निर्णय घेतला' वगैरे मी फार जोरात म्हणत नाही. त्याचे पैसे दुसऱ्यांनी भरलेत.

आणि अहवालातून कळलं काय? दोन गोष्टी. सगळ्यात जास्त वाचलं जातं ते कागदपत्रांचं पान, कायद्याचं नाही. आणि वाचायची वेळ रात्री अकरानंतर चढते. हे बघून मी मावशीला उत्साहाने (पुन्हा उत्साह!) सांगितलं की मग फोन रात्री चालू ठेवायला हवा, डेटा तसं स्पष्ट सांगतोय.

मावशी म्हणाली, "रात्री वाचणारी बाई रात्री बोलू शकत नाही. शेजारी नवरा झोपलेला असतो. म्हणून तर ती वाचते. फोन ती दुपारी करणार, तो डब्यावर गेला की."

मग फोनची वेळ तीच ठेवली आणि पान बदललं. मजकूर निम्मा केला, पांढऱ्या पार्श्वभूमीऐवजी काळी केली, म्हणजे अंधारात उजेड पडू नये. वर ठळक लिहिलं: आमचा फोन सकाळी अकरा ते पाच, नंबर दुसऱ्या कुठल्यातरी नावाने सेव्ह करा. रजिस्टरमधल्या नव्या रकान्यात 'साइटवरून' अशी नोंद अधूनमधून दिसते, असं मावशी सांगते. किती, ते मी विचारत नाही.

त्या ओळीतली बाई कोण होती, तिचं पुढे काय झालं, हेही मी विचारलेलं नाही. मावशीने सांगितलेलं नाही. बरेचदा तोंडावर येतं, पण मग आठवतं की मला ते कळायचं काही कारणच नाहीये.

परवा मावशीचा फोन आला होता. दोन सोमवार झाले, भिंतीवर नवीन कागद लागलेला नाही. केंद्रातला प्रिंटर चालत नाहीये, जरा बघतोस का?

या शनिवारी जातोय. बघू.